एस्तेरबाईंची गाडी

एस्तेरबाई दोन ठिकाणी चपला काढत. एक चर्चच्या दारात आणि दुसरं दवाखान्याच्या गाडीच्या दारात. चर्चमध्ये निदान आत गेल्यावर मान खाली घालून शांत बसत. गाडीत शिरल्या की मात्र त्यांचं नाक कामाला लागे, आणि ते नाक आता काय शोधून काढतंय या धास्तीनं आम्ही बाहेर एकमेकांकडे बघत उभे असू.

नगर-औरंगाबाद रस्त्यावर, घोडेगावच्या अलीकडे, मिशनचा एक लहानसा दवाखाना होता. थोड्याशा खाटा, एक डॉक्टर, एक विहीर आणि एक गाडी. बाई तिथं मेट्रन होत्या आणि मी कंपाउंडर. गाडी कुणीतरी देणगीत दिलेली, दिली तेव्हाच म्हातारी झालेली. मागच्या दारावरचा तांबडा क्रूस उन्हानं विटून गुलाबी पडला होता. आत एक स्ट्रेचर, नातेवाइकांसाठी एक फळी आणि खाली लिनोलियम. बस, एवढाच संसार. पण बाईंनी त्या गाडीवर जेवढा जीव लावला तेवढा आम्हा माणसांवर लावला असता, तर त्या दवाखान्यातून माझा पाय निघाला नसता.

उंच, काटकुळ्या, पांढऱ्या पातळाचा पदर डोक्यावरून घट्ट घेतलेला. बोलायच्या हळू. ओरडणारी मेट्रन मी आधीच्या नोकरीत पाहिली होती, तिची भीती वाटत नसे. बाईंचा आवाज जितका खाली जाई तितका समोरच्याला घाम फुटे. आणि त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. नवी नर्स आली, नवा वॉर्डबॉय आला, की त्याला गाडीपाशी नेऊन त्या सांगत, "पेशंट उतरतो. आजार बसून राहतो. त्याला कुठं जायची घाई नसते."

हे ऐकून पोरं हसत. मीही हसलो होतो. पण पुढं कधी गाडी रिकामी उभी दिसली, की उगीच आत डोकावून बघायची सवय मला लागली ती लागलीच.

गाडीचा ड्रायव्हर बन्सी. माणूस मनानं चांगला, पण रस्त्यात कुणी हात केला की त्याचा पाय आपोआप ब्रेकवर जाई. एकदा घोडेगावच्या बाजाराच्या दिवशी तो नगरला पेशंट सोडून परत आला. येताना त्यानं गाडी ओढ्यावर थांबवून धुतली होती, वर उदबत्ती लावली होती. बाईंनी चपला काढल्या, आत गेल्या, एकच श्वास घेतला.

"बन्सी, उदबत्ती कशाला लावलीस?"

"वास बरा येतो, बाई."

"पेशंट कोण होता येताना?"

"कोन न्हाई. रिकामीच आनली की."

"असं कसं? नाव सांग, केसपेपर काढायला हवा. वय काय होतं? दूध देत होती का?"

आम्ही खाली बघून हसू दाबत होतो. बन्सीचा चेहरा पडला. त्याच्या मेहुण्यानं बाजारातून शेळी घेतली होती आणि उन्हात तिला चालवत न्यायचं त्याच्या जिवावर आलं होतं, एवढीच गोष्ट. बाई स्ट्रेचरच्या चाकामागून एक लेंडी कागदावर घेऊन खाली उतरल्या.

"उद्या यातून ओली बाळंतीण येईल," त्या म्हणाल्या. आवाज अगदी खाली गेला होता. "शेणामुतात धनुर्वात असतो, बन्सी. तू धनुर्वाताचं मरण बघितलंस का? मी बघितलंय. माणूस धनुष्यासारखा वाकतो आणि शुद्धीवर असतो."

हसणं जागच्या जागी विरलं. बन्सीनं संध्याकाळपर्यंत गाडी घासली. त्यानंतर त्याचा सख्खा भाऊ रस्त्यात उभा राहिला तरी त्यानं गाडी थांबवली नाही, आणि यावरून घरात त्याचं भांडण झालं ते वेगळंच.

मी स्वतः बाईंच्या तावडीत एकदा सापडलो. त्यांनी फिनेल मागितलं, मी म्हणालो, "बाई, गाडी आरशासारखी झालीय, आता काय तिला वेणीफणी करणार?" बाई म्हणाल्या, "कंपाउंडर, जरा आडवे व्हा स्ट्रेचरवर." मला वाटलं गंमत. झालो आडवा. त्यांनी मागचं दार लावून घेतलं आणि बाहेर उभ्या राहिल्या.

उभ्या माणसाला गाडी दिसते ती निराळी आणि आडव्याला दिसते ती निराळी. माझ्या डोळ्यांसमोर छत होतं, आणि छताच्या पत्र्यावर हातांचे ठसे होते. कळवळून कुणी वर हात टाकलेले, कुणी पट्टी धरायला गेलेले, काही वाळून काळे झालेले, एक अगदी लहान, पोराचा. किती माणसांचे होते देव जाणे. त्यातली किती परत घरी गेली तेही मला ठाऊक नव्हतं. मी दारावर धपधप मारायला लागलो. बाईंनी दार उघडलं, फिनेलमध्ये बुडवलेलं फडकं माझ्या हातात दिलं आणि त्या निघून गेल्या. मला त्यांचा राग आला होता. छत मात्र मी पुसलं.

मग तो दुष्काळ आला. बहात्तरचा. त्याचं वर्णन करत बसत नाही, ज्यांनी रेशनच्या मिलोची भाकर आणि वाटपाची सुकडी खाल्ली त्यांना सांगायला नको आणि ज्यांनी नाही खाल्ली त्यांना सांगून कळायचं नाही. आजूबाजूची सगळी माणसं खडी फोडायच्या कामांवर गेली. एका जागी एवढी माणसं, एकाच टँकरचं पाणी, उन्हात उघडा संसार. पटकी, म्हणजे कॉलरा, पसरायला आणखी काय लागतं? गाडी दिवसभर कामावरून दवाखान्यात आणि दवाखान्यातून कामावर अशा खेपा घालू लागली. स्ट्रेचरवर एक, फळीवर दोन, खाली लिनोलियमवर आणखी एखादा. गाडीचं दार उघडलं की आतून जे काही वाहत खाली येई, त्याला पाहून आम्ही तोंड फिरवत असू. बाई फिरवत नसत.

दर खेपेनंतर गाडी धुवायची हा त्यांचा नियम. दुष्काळातही त्यांनी तो मोडला नाही. आमच्या विहिरीचा तळ दिसत होता. पेशंटना प्यायला, सलाईनची भांडी उकळायला, आणि उरेल ते गाडीला, अशी त्यांनी वाटणी लावली. आम्हाला आंघोळ म्हणजे ओल्या फडक्यानं अंग पुसणं. ब्लीचिंग पावडर नगरहून यायची, ती आली तर आली. म्हणून आधी नुसत्या पाण्यानं सगळी घाण वाहवून टाकायची आणि मग फिनेलचं जे काही मिळेल त्यानं फडकं मारायचं, अशी पद्धत पडली. गाडी उभी राहायची ती दवाखान्याच्या मागे, मुरमाच्या उतारावर. पाणी पडलं की मुरूम ते तिथल्या तिथं पिऊन टाकी. चिखलसुद्धा होत नसे. बाईंना तेच हवं होतं. साचलेल्या पाण्यावर माश्या बसतात, जमिनीनं प्यालेल्या पाण्यावर कोण बसणार?

कुंपणापलीकडे एक वस्ती होती. तिथल्या बाया हंडे घेऊन कुंपणाशी उभ्या राहत आणि बादलीमागून बादली गाडीवर ओतली जाताना बघत. काही बोलत नसत. मला ते बघणं सहन होत नसे. मी एकदा बाईंना म्हणालो, "लोक शिव्याशाप देत असतील. माणसाला पाणी नाही आणि आपण मोटारीला न्हाऊ घालतोय."

"देऊ देत," बाई म्हणाल्या. "ही गाडी न धुता पाठवली तर उद्या यांनाच यातून आणावं लागेल."

आणि हे खरं होतं. त्यांच्या गाडीतून आलेला पेशंट पटकी सोडून दुसऱ्या कशानं आलेला असला, तर तो पटकी घेऊन परत गेला असं माझ्या आठवणीत एकदाही झालं नाही. बाळंतिणी आल्या, हात मोडलेला गवंडी आला, सगळे त्याच गाडीतून आले आणि धड गेले. डॉक्टरसाहेब ते चारचौघांत बोलून दाखवत. तेव्हा बाईंच्या चेहऱ्यावर जी किंचित लाली येई ती मी बघितलेली आहे. चांगलं दिसे त्यांना ते.

त्या वस्तीतली कौसा आमच्याकडे आया होती. बाईंच्या हाताखाली तिची उमर गेली. बाई तिला रागवत सगळ्यांत जास्त आणि त्यांच्या खोलीत चहाचा कप मिळे तो फक्त तिला. एका सकाळी कौसा हसतच आली. त्या दिवसांत हसणारं माणूस दिसणं म्हणजे नवलच.

"बाई, देव पावला. वड्यात झिरा लागला!"

ओढ्याच्या कोरड्या वाळूत हातानं खड्डा करायचा आणि त्यात पाझरेल ते पाणी वाटीनं भरायचं, तो झिरा. आसपासचे सगळे झिरे केव्हाच आटले होते. हा नवा, आमच्या दवाखान्याच्या खालच्या अंगाला.

"लई नितळ हाय, बाई. आन् गार. उपसला का पुना भरतोय. आमी हळद-कुंकू वाहिलं, नारळ फोडला. आता टँकरची वाट बघाया नको."

बाईंनाही आनंद झाला. "बघा कंपाउंडर, वाळवंटात खडकातून पाणी निघालं," असं काहीसं त्या म्हणाल्या आणि कौसाच्या हातावर साखर ठेवली. मीही दोन दिवस त्या झिऱ्याचं कौतुक ज्याला त्याला सांगत होतो. कुंपणाशी हंडे दिसेनासे झाले याचं मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग कौसाचा नातू आजारी पडला. रंग्या त्याचं नाव, नुकता शाळेत जायला लागलेला. सकाळी खेळत होता आणि दुपारी त्याचे डोळे आत गेले, बोटांची कातडी धुणं धुतल्यावर पडते तशी सुरकुतली. कौसानं त्याला खांद्यावर घालून आणला. डॉक्टरांनी सलाईन लावलं. बाई खाटेपाशी उभ्या होत्या.

"हा कामावर गेला होता का?"

"न्हाई वो."

"बाहेरचं काही खाल्लं? टँकरचं पाणी?"

"कशाला टँकरचं? घरचंच पानी. आपल्या झिऱ्याचं."

वस्तीतली आणखी दोन माणसं तोवर दारात येऊन बसली होती, त्यांचंही तेच. बाईंनी मला हाक मारली. भर उन्हात आम्ही दोघं ओढ्यात उतरलो.

झिरा खरोखर सुरेख होता. भोवती दगड रचलेले, दगडांवर हळदीकुंकू, वर बाभळीच्या काट्यांचं कुंपण, कुत्रं तोंड घालू नये म्हणून. बायांनी आपल्या चुलीपेक्षा तो स्वच्छ ठेवला होता. चपला तर लांबच काढायच्या, असा त्यांचा नियम. बाईंनी नकळत आपल्याही काढल्या. गुडघ्यावर बसल्या, ओंजळीत पाणी घेतलं आणि नाकाशी नेलं.

ते सोडलं, पुन्हा घेतलं, पुन्हा नाकाशी नेलं. मी विचारलं, "काय झालं?" त्यांनी ओंजळ माझ्यापुढे धरली. मला कसलाच वेगळा वास आला नाही. पाणी, वाळू, आणि हळद.

"फिनेल," बाई म्हणाल्या.

"काहीतरीच काय."

त्यांनी वर पाहिलं. मीही पाहिलं. ओढ्याच्या काठावर, बरोबर आमच्या डोक्यावर, गाडीचं गुलाबी क्रूसवालं दार दिसत होतं.

तरी त्यांनी लगेच मानलं नाही. मला तिथंच बसवलं, झिरा वाटीनं पार कोरडा करायला लावला आणि वर जाऊन बन्सीला विहिरीच्या साध्या पाण्याच्या बादल्या त्या जागेवर ओतायला सांगितल्या. मग खाली येऊन माझ्या शेजारी बसल्या. आम्ही त्या खड्ड्याकडे बघत राहिलो. मला वाटत होतं, काही होणार नाही, होऊ नये. मुरमाखाली काळा पाषाण असतो हे कुठल्याही विहीर खणणाऱ्यानं सांगितलं असतं, पण आम्हाला तेव्हा विचारायचं सुचलं नव्हतं. पाण्याला खाली जायला वाट नाही, ते पाषाणावरून घसरत जिथं उतार असेल तिथं निघणार. ऊन कलायला लागलं. आणि वाळू आधी काळी झाली, मग चकाकली, मग खड्ड्याच्या तळाशी पाणी हळूहळू वर चढू लागलं. नितळ. गार. कौसानं सांगितलं होतं अगदी तसं.

बाईंचे हात मी पाहिले. ते हात गुडघ्यांवर ठेवून त्या बोटं पुसत होत्या, पातळाला, पुन्हा पुन्हा, जणू काही लागलंय.

रंग्या त्याच संध्याकाळी गेला.

दुसऱ्या दिवशी बाई वस्तीत गेल्या आणि सगळ्या बायांना गोळा करून त्यांनी सांगितलं, काही आडपडदा न ठेवता सांगितलं. गाडीची घाण तुमच्या झिऱ्यात उतरतेय, ते पाणी पिऊ नका. मला वाटलं आता दगड येतील. दगड आले असते तर बरं झालं असतं. बायांना ते पटलंच नाही. एक म्हातारी समजूत घातल्यासारखं म्हणाली, "बाई, घान असती तर पानी गढूळ नसतं का झालं? मरीआईचा कोप हाय ह्यो, पान्याचा काय दोस?" दुसरी म्हणाली, "पानी देवानं दिलं, तुमी का वंगाळ बोलता?" कौसा एका कोपऱ्यात बसली होती. तिनं मान वर केली नाही.

पाणी उकळून प्या, बाई म्हणाल्या. कशावर उकळणार? सरपण कुणाकडे होतं?

मग बाईंनी त्यांच्या हाती होतं ते केलं. दवाखान्याच्या दुसऱ्या अंगाला, रस्त्याकडच्या बाजूला, चुनखडीचा जुना खड्डा होता. बन्सीकडून गाडीखाली पत्र्याची पन्हळ बसवून घेतली. धुतलेलं सगळं पाणी डब्यात धरायचं, त्यात चुना कालवायचा आणि ते त्या लांबच्या खड्ड्यात ओतायचं. पाणीही कमी केलं. जिथं बादली लागायची तिथं तांब्या, बाकी सगळं चुना, ऊन आणि फडकं. पन्हळीचं पाणी त्या स्वतः उचलत. आम्ही पुढे झालो तर हात लावू देत नसत. थेंब सांडला तर त्या जागी बसून तिथली माती खुरप्यानं काढत. या काळात त्या आमच्याशी फारसं बोलल्या नाहीत. ते ठरलेलं वाक्यही पुन्हा त्यांच्या तोंडून ऐकलं नाही. मला त्यांची दया येत होती आणि ती दाखवायची सोय नव्हती.

वस्तीतून येणारे पेशंट थांबले. बाईंचं म्हणणं खरं ठरलं. पण गाडीचं पाणी थांबलं तसा झिराही आटला. आधी उपसल्यावर भरायला वेळ लागू लागला, मग नुसती ओल, मग तीही नाही. बायांनी वाळू आणखी खोल खणली. बाजूला खणली. टँकर येईल तेव्हा येई आणि आला की त्याच्याभोवती मारामाऱ्या. आमच्या विहिरीतून एक-दोन हंडे द्यावेत म्हणून बाई डॉक्टरांकडे भांडल्या, पण विहिरीत आता खाटेवरच्यांनाच जेमतेम पुरेल एवढं होतं. डॉक्टर तरी कुठून देणार?

याच सुमारास मला श्रीगोंद्याच्या बाजूला एका साखर कारखान्याच्या दवाखान्यात नोकरी लागली. निघायच्या दिवशी, भर दुपारी, मी ट्रंक घेऊन बाईंचा निरोप घ्यायला मागच्या अंगाला गेलो. गाडी नुकतीच खेपेवरून आली होती. मागची दारं उघडी, खाली पन्हळ लावलेली, आणि बाई अनवाणी उभ्या, हातात तांब्या.

कुंपणाशी वस्तीतल्या बाया आल्या होत्या, सगळ्यांच्या कमरेवर रिकामे हंडे. आजवर या कुंपणाशी उभ्या राहून कुणी तोंड उघडलं नव्हतं. आज त्यांच्या पुढे कौसा होती. नातू गेल्यापासून ती कामावर आली नव्हती. तिच्या तोंडावर राग नव्हता, काहीच नव्हतं. सुनेच्या कडेवरचं तान्हं आपल्याकडे घेऊन ती तारेपाशी आली.

"बाई," ती म्हणाली, "लई दिस झालं, तुमी गाडी धुतली न्हाई."

"कौसा, तुला मी सांगितलंय ना ते पाणी कसलं आहे? तुझा रंग्या..."

"म्हाईत हाय मला." तान्ह्याच्या ओठांवरून तिनं पदराचं टोक फिरवलं. "मला पटलंय तुमचं. पर धुवा की वो गाडी. पैल्यासारखी. बादलीनं."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी ट्रंक खाली ठेवली. बाईंनी तांब्या दोन्ही हातांनी धरला, छातीशी, आणि ओतला नाही.

बायांनी हंडे खाली ठेवले आणि त्या तिथंच उन्हात बसल्या.